पूजा संपतच नाही तेव्हा

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचे पत्र आहे. वय ३४. घरात नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. सासरे वारल्यावर रोजची पूजा त्यांच्याकडे आली. तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत आटपणारी पूजा आता अडीच तास चालते. देवीपुढे हात जोडले की मनात शिवी उमटते, कधी मूर्तीबद्दल घाणेरडे चित्र दिसते. मग त्या 'क्षमा कर' असे २१ वेळा म्हणतात. मध्ये पुन्हा शिवी आली की मोजणी पहिल्यापासून. निर्माल्यावर पाय पडला का, हात धुतानाचा शिंतोडा पूजेच्या तांब्यात गेला का, हे नवऱ्याला दिवसभर विचारत राहतात. देवळात दोनदा कौल लावला, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून देवीचे उत्तर विचारले, दोन्ही वेळा देवीने मनासारखा दिला, पण समाधान दोन दिवसही टिकले नाही. नवरा म्हणतो पूजाच बंद कर. सासूबाई म्हणतात, मन शुद्ध नाही म्हणून असे होते. ताईंनी विचारले आहे: माझी भक्ती खोटी आहे का? यावर प्रायश्चित्त काय? आणि डॉक्टरकडे गेले तर ते देव सोडायला सांगतील का?

ताई, पत्रावरून निदान करता येत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ तुमच्याशी समोरासमोर बोलूनच करतील. पण तुम्ही लिहिले आहे ते ओसीडीच्या, म्हणजे ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डरच्या, वर्णनाशी इतके जुळते की ती भेट आता लांबवू नका. जुनी माणसे याला मंत्रचळ म्हणत. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो, जीव घाबरा होतो, आणि ती भीती शमवायला माणूस काहीतरी करतो: धुतो, मोजतो, विचारतो, क्षमा मागतो. या सगळ्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जाऊ लागला किंवा घरचे व्यवहार अडू लागले की तो आजार धरतात. तुमचे अडीच तास तर एकट्या पूजेतच जातात.

हा आजार कुणाला गॅसच्या बटणापाशी गाठतो, कुणाला कुलपापाशी. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या मनात स्वतःच्याच बाळाला इजा करण्याचे विचार आणतो. माणसाला जे सगळ्यात जपावेसे वाटते, नेमके तिथेच तो बोट ठेवतो. देवीशी तुमचे काही देणेघेणे नसते, तर ती शिवी आली तशी निघून गेली असती आणि तुम्हाला संध्याकाळी आठवलीही नसती.

तुमच्या पहिल्या प्रश्नामागे एक समजूत आहे: खऱ्या भक्ताच्या मनात असले काही येत नाही. ती तपासून पाहू. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी ओसीडी नसलेल्या साध्या माणसांना विचारले, की नको ते, लाजिरवाणे, भयंकर विचार तुमच्या मनात येतात का? बहुतेकांनी येतात असे सांगितले, आणि त्या विचारांचा मजकूर रुग्णांच्या विचारांहून फारसा निराळा नव्हता. फरक पुढे पडतो. तुमच्या शेजारणीच्या मनात आरतीच्या वेळी असे काही आले तर ती 'कायतरीच' म्हणून पुढची ओळ म्हणते. तुम्ही तिथेच थांबता, त्या शब्दाचा अर्थ लावता, स्वतःवर खटला भरता.

सासूबाईंचे म्हणणेही याच समजुतीतून आले आहे. त्या दुष्टाव्याने बोलत नसतील, पण 'मन शुद्ध नाही' हे वाक्य या आजाराला खतपाणी घालते. मनाने केलेले पाप म्हणजे ठरवून मनात जोपासलेले. जो विचार येताच तुमच्या अंगावर काटा येतो, तो तुम्ही जोपासलेला नाही. आणि आलेला विचार जोर लावून हाकलायला गेले की तो जास्तच येतो, हे प्रयोगांतूनही दिसले आहे. त्यामुळे 'मन शुद्ध ठेव' हा उपदेश तुमच्या बाबतीत उलटा फळतो.

माझ्या मते तुमचा खरा त्रास शिवी हा नाहीच. त्रास आहे तो शिवीनंतरच्या दुरुस्तीचा. पावसाळ्यात नायटा उठला की खाजवल्यावर दोन मिनिटे बरे वाटते आणि चट्टा पसरतो, तसे हे २१ वेळा 'क्षमा कर' आहे. क्षमा मागून जी सुटका वाटते, तिच्यातून मेंदू एवढेच शिकतो की मघाचा धोका खरा होता आणि क्षमा मागितली म्हणूनच आपण वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी मोठ्याने ओरडतो. पाच वेळांचे अकरा होतात, अकराचे एकवीस.

तांब्यातल्या शिंतोड्याचेही तेच. २००३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना संगणकाच्या पडद्यावरच्या गॅसशेगडीची बटणे पुन्हा पुन्हा, वीसेक वेळा, तपासायला लावली. त्यांच्या आठवणीत चूक झाली नाही, पण आठवणीवरचा विश्वास मात्र ढासळला. जितके तपासावे तितके 'नक्की पाहिले ना?' वाढते. म्हणून पाचव्यांदा तांब्यात डोकावल्यावर तुम्हाला पहिल्यापेक्षा कमी खात्री वाटते. तुमची नजर किंवा स्मरण बिघडलेले नाही.

कौलाकडेही याच नजरेने पाहा. देवीने दोनदा उत्तर दिले, तरी मन म्हणाले, पाकळी नीट लागली होती ना, मी प्रश्न बरोबर मांडला होता ना. हा आजार शंभर टक्के खात्री मागतो, आणि तसली खात्री भटजी, नवरा, डॉक्टर, कौल, कुणीच देऊ शकत नाही. या विषयावर पुन्हा कौल लावू नका. प्रायश्चित्ताचेही उत्तर तेच: करू नका. एक प्रायश्चित्त केले की ते विधिवत झाले का, ही शंका दुसऱ्याच दिवशी उभी राहील.

आता तुमची सगळ्यात मोठी भीती, डॉक्टर देव सोडायला सांगतील का? जाणकार तज्ज्ञ असे सांगत नाही. उपचाराचा हेतू तुमची पूजा तुम्हाला परत मिळवून देणे हा असतो. आजाराने वाढवलेले तेवढे काढायचे, मूळचे ठेवायचे. जुन्या गोव्यातले बॉम जेझूस चर्च ज्या जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाने बांधले, त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना १५२२-२३ च्या सुमारास हाच छळ झाला होता. जुनी पापे पुन्हा पुन्हा आठवून ते कबूल करत राहायचे, तरी मन निवेना, जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. शेवटी त्यांनी मागच्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही असे ठरवले आणि तिथून सुटले. धर्म त्यांनी सोडला नाही, उलट आयुष्य त्यातच घातले. आजही आपल्याकडे कुणी पुन्हा पुन्हा कुमसाराला, म्हणजे चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला, जातो, कुणाची वुजू, म्हणजे नमाजाआधीचे हातपाय धुणे, पूर्ण होत नाही. धर्म वेगळे, फास एकच.

नवऱ्याने सांगितलेला मार्ग, पूजाच बंद, समजण्यासारखा आहे. बायकोचे हाल बघवत नसणार. पण तो घेऊ नका. देवघर टाळले की पहिले चार दिवस शांत जातात. मग देवळाबाहेरून जाणे जड वाटते, मग कॅलेंडरवरची देवीची तसबीर, मग शेजारच्या घरातली आरती. टाळण्याने भीतीचा आवाका वाढतो. पूजा करायची, पण लहान, ठरलेली आणि एकदाच.

'लहान' म्हणजे किती, हे तुम्ही स्वतः ठरवू नका. तुमचे मापच सध्या बिघडले आहे. घरच्या भटजींकडे, किंवा सरळ आणि थोडक्यात बोलणाऱ्या एखाद्या जाणत्या पुरोहिताकडे, नवऱ्यासोबत एकदाच जा. चार गोष्टी विचारा: संसारी घरात रोजची पूजा किती वेळ पुरे, मध्येच समई विझली तर काय करायचे, मन भरकटले तर काय, आणि मनात आपोआप उमटलेला नवस नवस धरायचा का? (हा शेवटचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण 'आता मागे वळून पाहिले तर सोमवार धरीन' असले नवस या आजारात फार छळतात.) उत्तरे एका कागदावर नवऱ्याच्या हस्ताक्षरात उतरवून घ्या. त्यानंतर हा विषय दुसऱ्या कुणापुढे काढायचा नाही. तीन भटजींना विचारले तर तीन उत्तरे येतील आणि त्या तीन उत्तरांत तुम्ही महिनाभर अडकाल.

पूजेच्या शेवटी आपण 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर' म्हणतोच. मंत्र चुकला, क्रिया चुकली, भक्तीही कमी पडली, तरी जे केले ते पूर्ण मानून घे. पूजेत चूक होणार हे परंपरेने आधीच धरले आहे आणि त्यासाठी एकच श्लोक ठेवला आहे. तो एकदाच म्हणा. आजार लगेच सुचवेल की हाच २१ वेळा म्हण. तसे केलेत की तोही दुरुस्तीच्या खात्यात गेला.

उपचाराकडे येऊ. ओसीडीवर सगळ्यात उपयोगी ठरलेली बोलण्याची-करण्याची पद्धत म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, ईआरपी. ज्या गोष्टीने भीती उठते तिच्यासमोर ठरवून जायचे, आणि नंतरची दुरुस्ती करायची नाही. ती तज्ज्ञासोबत शिकावी. पण ती कशी चालते हे माहीत असले की भेटीला जाताना धास्ती कमी होते.

पहिला आठवडा काही बदलायचे नाही, फक्त लिहायचे. वेळ, कशाने सुरू झाले, मनात काय आले, तुम्ही काय केले, किती मिनिटे गेली, आणि भीती ० ते १०० मध्ये किती. शिवी शब्दशः लिहायला सुरुवातीला धीर होणार नाही. 'तो शब्द' एवढे लिहिले तरी चालेल. या नोंदींवरून कमी भीतीपासून जास्त भीतीकडे जाणारी शिडी तयार होते. तुमची साधारण अशी असू शकेल: तांब्यात एकदाच पाहून पाणी वापरणे ३०, स्तोत्र म्हणताना एखादा शब्द चुकला तरी मागे न जाणे ४०, निर्माल्य काढल्यावर जमीन न तपासणे ५०, शिवी आली असताना फूल वाहणे ७०, आणि त्यानंतर क्षमा न मागता उठणे ८५. सुरुवात ३०-४० पासून. एकच पायरी रोज, भीती साधारण निम्म्यावर येईपर्यंत. त्याला आठवडा लागो की दोन.

वरच्या पायरीवर प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. फूल हातात आहे, मूर्तीकडे हात गेला आणि तो शब्द आला. हात मागे घ्यायचा नाही, फूल बदलायचे नाही. मनात एवढेच: 'आला.' फूल वाहायचे. निरांजन एकदा ओवाळायचे, शेवटचा श्लोक एकदा, नमस्कार एकदा, आणि उठून स्वयंपाकघरात तांदूळ धुवायला घ्यायचे. छातीत धडधडेल, 'आज मुलाला काही झाले तर?' असे वाटेल. त्याला 'काही होणार नाही' असे उत्तर द्यायचे नाही, कारण तेही स्वतःला दिलेले आश्वासनच. 'होईलही, नाहीही, मला ठाऊक नाही' म्हणून उकड्या तांदळातले खडे बघत राहायचे. धडधड अर्ध्या-पाऊण तासात ओसरेल. कधी जास्त वेळ घेईल. ती शून्यावर यायची वाट बघू नका, तिच्यासकट काम करता आले की त्या दिवसाचे झाले.

देवीला मुद्दाम शिव्या द्या, मूर्तीचा अवमान करा, असे कुणीही तुमच्याकडून करून घेऊ नये. बेत आखताना कसोटी साधी असते: गावातली इतर भाविक बाई जे सहज करते, तेवढे तुम्हाला करता यायला हवे. भटजींचा कागद इथे तज्ज्ञाला दाखवा, त्यालाही त्याची मदत होते.

यात बिघडते कुठे, तेही आधीच कळलेले बरे. ओठांवरची क्षमा थांबते आणि मनातल्या मनात सुरू होते. बाहेरून पूजा वीस मिनिटांची दिसते, पण आत मोजणी चालूच असते. बरे वाटत नाही म्हणून लोक उपचार सोडतात, तेव्हा बहुतेकदा अशी लपलेली दुरुस्ती राहून गेलेली असते. ती तज्ज्ञाला सांगायलाच हवी, कारण ती कुणाला दिसत नाही. चुकून मनात क्षमा मागितली गेली तर स्वतःला रागावू नका. तो शब्द मुद्दाम पुन्हा मनात येऊ द्या आणि या वेळी तसाच राहू द्या. काहीजण ईआरपीच इतक्या काटेकोरपणे करायला जातात की 'पायरी बरोबर झाली का' ही नवी शंका तयार होते. आणि हा लेख दिवसातून चार वेळा उघडून 'मला ओसीडीच आहे ना, पाप नाही ना' हे पडताळत बसलात, तर हाही कौलच झाला.

औषधांबद्दल. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन, एस्सिटॅलोप्राम या एसएसआरआय गटातल्या गोळ्या ओसीडीवर चालतात. मात्रा नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागते. उदाहरणार्थ, सर्ट्रालिन २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे २०० पर्यंत नेतात. पुरेशा मात्रेवर ८ ते १२ आठवडे गेल्याशिवाय गुण आला की नाही ते ठरवता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणे, अस्वस्थता, झोपेत फरक पडतो, त्यातले बरेचसे दोन-तीन आठवड्यांत कमी होते. लैंगिक इच्छा कमी होणे मात्र टिकू शकते. लाज न धरता डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. पंचविशीच्या आतल्या वाचकांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावे, त्या वयात आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असतो. गुण आल्यावर गोळी निदान वर्ष-दोन वर्षे चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते आणि आजार परतू शकतो. या गोळ्यांची चटक लागत नाही. नुसती झोपेची किंवा घबराटीची गोळी हा ओसीडीचा उपचार नव्हे. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत बोला.

जायचे कुठे? बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही चौकशी करता येईल. तिथे जाण्याआधी नुसते बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे. तज्ज्ञाला थेट विचारा, 'तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का?' फक्त 'मन शांत ठेवा, सकारात्मक विचार करा' एवढ्यावर कुणी बोळवण केली तर दुसरीकडे जा. शब्द मनात उमटण्याऐवजी बाहेरून आवाज म्हणून कानावर येत असेल, किंवा आपल्यावर देवीचाच कोप आहे याबद्दल तिळमात्र शंका उरली नसेल, तर तेही सांगा, कारण मग निदान वेगळे असू शकते. आणि जीव नकोसा झाला असे वाटले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

हे पुढचे घरच्यांना वाचायला द्या. 'शिंतोडा गेला का?' याला 'नाही गं, गेला नाही' म्हणणे ही माया वाटते, पण तुम्ही नकळत त्या दुरुस्तीत हातभार लावता. उद्यापासून एकदम गप्प बसायचे असेही नाही, तो तिला दगा वाटेल. दोघांनी आधी बसून ठरवा: पहिला आठवडा दिवसाला पाच उत्तरे, दुसरा तीन, मग एक, मग एकही नाही. ती मर्यादा संपली की एकच वाक्य, रोज तेच, रागावल्याशिवाय: 'हे आजार विचारतोय, याला मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच आहे.' मग दुसरे काहीतरी बोला. नुसते मान हलवणे, डोळ्यांनी 'हो' म्हणणे, हेही उत्तरच असते. सासूबाईंना सांगायचे तर वादात पडू नका. भटजींचा कागद त्यांच्यासमोर वाचून दाखवा, तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला त्या जास्त मानतील.

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, वेगळा विचार करावा लागेल. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची, पाहुण्यांची ये-जा, सोवळ्यातला स्वयंपाक, कुणाचा पाय कुठे लागला याचा हिशेबच नाही. त्या दिवसांत आजार उसळणार हे धरूनच चाला. तोवर ईआरपीच्या दोन-तीनच पायऱ्या झाल्या असतील तर गणपतीची पूजा नवऱ्याने करावी आणि तुमच्याकडे मोजून दोन कामे असावीत, समजा दुर्वा निवडणे आणि संध्याकाळच्या आरतीला उभे राहणे. सगळेच टाळायचे नाही आणि सगळे अंगावरही घ्यायचे नाही. त्या काळात पूजेचे मिनिट वाढले तर विसर्जनानंतर शिडीवर एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरू करा. आजार हटला तरी सुतक, बाळंतपण, परीक्षा, जागरण अशा ताणाच्या वेळी तो डोके वर काढतो, तेव्हाही हेच करायचे.

पहिल्या भेटीला आठवड्याच्या नोंदी, भटजींचा कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि नवऱ्याला सोबत न्या. तो शब्द तोंडाने सांगवत नसेल तर 'देवीबद्दल घाणेरडे विचार येतात, त्यासाठी मी २१ वेळा क्षमा मागते' एवढे चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा. मानसोपचारतज्ज्ञांनी हे आधी ऐकलेले असते, पुढचे प्रश्न ते विचारतील.